आमची वाटचाल : टप्प्याटप्प्यानं वाढणारी घरं

बाबा इंदूरच्या रामबागेत घरांचे नकाशे काढून द्यायचे. मी आणि धाकट्या भावानं त्याला बांधकामाची जोड दिली. आज आमची छोटी फर्म मुख्यतः वस्त्यांमधली घरं बांधते.

आमचा खरा गुरू म्हणजे इथलीच 'अरण्य' नावाची वसाहत. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी १९८०च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ती आखली. सर्वात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. गरीब कुटुंबाला प्लॉट, जोतं, संडास-मोरी, पाणी-ड्रेनेजची जोडणी द्यायची. पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. या कामाला १९९५ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिथले ओटले आणि रस्त्याकडून चढणारे जिने पाहायला बाबा आम्हाला मुद्दाम घेऊन जायचे.

म्हणून आम्ही कागदावरच्या नकाशावर होकार घेत नाही. प्लॉटवर खऱ्या मापात फक्कीच्या रेघा मारतो आणि घरच्यांना त्यात वावरायला सांगतो. एक आजी मोरीच्या चौकोनात पाट टाकून बसल्या. "दादा, इथून थेट रस्ता दिसतो. म्हणजे रस्त्यावरून मीही दिसणार. मोरी मागे घे." मोरी मागे गेली. पाइप लांबला, थोडा खर्च वाढला, पण त्या घरात वावरायचं त्यांना होतं.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूरच्या होळकर दरबाराला दिलेल्या अहवालात एक धोरण होतं: जुनी वस्ती सरसकट पाडू नका, मोजक्या ठिकाणी हात घालून हवा-उजेड आणा. मला ते आजही पटतं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला गावाबाहेर फ्लॅट दिला तर चार घरची कामं सुटतात.

अडचण पैशाची. पंतप्रधान आवास योजनेत आपल्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख मिळतात, पण हप्त्याहप्त्यानं, आणि जागेचा कागद असेल तरच. मध्य प्रदेशात भूमिहीनांना पट्टे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद, देणारा कायदा १९८४ पासून आहे, तरी पट्ट्याविना राहणारी घरं आम्हाला गल्लोगल्ली भेटतात. ज्यांच्याकडे कागद आहे त्यांचाही हप्ता अडकला की भिंती उघड्या राहतात आणि पाऊस येतो.

त्यामुळे आम्ही अंदाजपत्रकच तीन तुकड्यांत देतो: आधी जोतं, मोरी आणि एक पक्की खोली, मग स्वयंपाकघर, मग जिना आणि वरचा मजला. पाया मात्र पहिल्याच दिवशी दोन मजल्यांचा घालतो. कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर सोडून त्यांना सिमेंटचं पाणी मारतो, म्हणजे गंज लवकर धरत नाही. सध्या ज्या गल्लीत काम चालू आहे तिथल्या बायकांनी जिना दुसऱ्याच तुकड्यात मागितला आहे, वरची खोली भाड्यानं देता यावी म्हणून. त्याचा हिशेब भाऊ मांडतो आहे.