सोलापुरात खानावळ कशी ओळखायची

सावजी खानावळीत बसलात की आधी कडक भाकरी मागा. पापडासारखी पातळ, हाताने काडकन मोडली पाहिजे. वाकली तर ती दमट झालेली असते. ताटात चुरून त्यावर उकळता रस्सा घ्या आणि दोन मिनिटं थांबा. रस्सा कोमट असेल तर चुरा आतून कोरडाच राहतो.

खरी परीक्षा शेंगा चटणीची. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं उखळात कुटलं की दाण्याचंच तेल सुटतं आणि चटणीचा ओलसर गोळा होतो. मिक्सर जोरात फिरवला तर नुसती भुकटी. सोबत घट्ट दही हवंच! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. भाकरी त्याच ज्वारीची आहे का, जरूर विचारा.