चकाकीच्या आतलं स्टील: आमची वाटचाल

बडोद्याच्या रस्त्यांवर फियाट आणि अँबॅसिडर दिसायच्या, त्या काळात बाबांचं दांडिया बाजारात सायलेन्सर-वेल्डिंगचं दुकान होतं. साध्या लोखंडी पत्र्याचा सायलेन्सर काही पावसाळ्यांत सडायचा आणि गिऱ्हाईक परत यायचं. सडण्याचं कारण पावसापेक्षा पेट्रोलात जास्त. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन पाइपमधून जातं. रोज लांब पळणाऱ्या गाडीत ते बाहेर पडतं. रविवारी एक चक्कर मारून झाकून ठेवलेल्या गाडीत मात्र ते आम्लासकट सायलेन्सरच्या तळाशी साचतं. जिवापाड जपलेल्या गाडीचा सायलेन्सर म्हणूनच लवकर जातो.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, शेड घेतली तेव्हा ठरवलं, जुन्या गाड्यांचं काम स्टेनलेसमध्येच करायचं. बाजारात त्या नावाखाली काय काय खपतं, ते पहिल्या खरेद्यांतच समजलं. स्टेनलेसच्या प्रतींना, म्हणजे ग्रेडना, आकड्यांची नावं असतात; ‘३०४ आहे’ म्हणून एका व्यापाऱ्यानं दिलेला पाइप २०० सिरीजचा निघाला. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०० सिरीजमध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घालतात. पॉलिश केल्यावर दोन्ही सारखेच चमकतात आणि लोहचुंबक दोन्हींना धरत नाही. उलट ४०९ या ग्रेडला चुंबक घट्ट चिकटतो, तरी ते एक्झॉस्टसाठीच, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइप-सायलेन्सरसाठीच, वापरलं जाणारं स्टेनलेस आहे; मोठे कार-कारखानेही ते वापरतात. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे वरून तपकिरी होतं, पण टिकतं. चुंबक लावून माल पास करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आमच्याकडे पाइप आला की आधी टेस्टिंगच्या द्रावणाचा थेंब टाकून बॅटरी लावतो. मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. मग लॉटमधला तुकडा लॅबला जातो. हातातल्या एक्स-रे गनवर निकेल-क्रोमियम दिसतं, कार्बन दिसत नाही, आणि वेल्डिंगसाठी आम्हाला ३०४एल हवं असतं, म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. कार्बन जास्त असला तर जोडाजवळचं क्रोमियम त्यात अडकतं आणि पुढे गंज नेमका तिथूनच धरतो.

वेल्डिंगमध्ये तडजोड नाही. टिग वेल्डिंगनं बाहेरून कितीही सुबक टाका घातला, तरी हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू पाइपच्या आत सोडलेला नसेल तर आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखा काळा, खरखरीत थर येतो. गिऱ्हाइकाला तो कधीच दिसत नाही. म्हणून दोन्ही तोंडं बंद करून आत आर्गॉन भरल्याशिवाय आमचे कारागीर टॉर्च पेटवत नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून चौकशी वाढली. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘माल इंग्लंडचा की इथला?’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. स्टील एका देशात वितळतं, पाइप दुसरीकडे बनतो, वाकवणं-जोडणं तिसरीकडे होतं आणि डब्यावर छापलं जातं शेवटचंच ठिकाण. शेफिल्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीनं गंज न धरणारं पोलाद बनवलं, त्या गावाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पाइप चांगला की वाईट हे गावाच्या नावावरून ठरत नाही, हीट नंबर (स्टीलच्या एका वितळणीचा क्रमांक) आणि टेस्ट सर्टिफिकेट पाहूनच ठरतं.

म्हणून आम्ही प्रत्येक सेटबरोबर चिठ्ठी देतो: पत्रा कोणत्या ग्रेडचा, हीट नंबर काय, पाइप कुठे तयार झाला, वेल्डिंग कुठे झालं. सायलेन्सरच्या आतली जाळी आणि पडदे कशाचे, तेही लिहितो. बाहेरचं कवच ३०४ आणि आत साधं लोखंड, अशी कामं ‘फुल स्टेनलेस’ म्हणून विकली जातात. कोणाला खात्री करायची असेल त्यांनी शेडवर यावं. त्याच लॉटमधला आतला तुकडा कापून समोर ठेवू.