गटकाम म्हणजे बाकं जुळवणं नव्हे: इंग्लंडमधल्या शिक्षक प्रशिक्षणातून

इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायचं तर पदवीनंतर पीजीसीई हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करण्याचा मार्ग बराच रुळलेला आहे. त्यातले किमान १२० दिवस शाळेत जातात, आणि तेही दोन वेगळ्या शाळांत. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला शाळेतला एक अनुभवी शिक्षक मेंटॉर म्हणून मिळतो. तो मागच्या बाकावर बसून पाठाचं निरीक्षण करतो. शिकवणारा किती छान बोलला यापेक्षा त्या तासात किती मुलांना डोकं चालवावं लागलं, हे त्याला बघायचं असतं.

गटकामात नवशिके सगळ्यात जास्त अडखळतात. चार मुलं एका टेबलाभोवती बसवली, एक मोठा कागद दिला आणि ‘चर्चा करा’ म्हटलं, की एक मुलगी सगळं लिहिते, दोघं गप्पा मारतात आणि चौथा खिडकीबाहेर बघतो. कागद भरलेला दिसतो, पण शिकली ती एकटीच. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी सहकारी अध्ययनाच्या, म्हणजे गटाने मिळून शिकण्याच्या, पाच अटी सांगितल्या आहेत. त्यातल्या दोन पाळल्या तरी बरंचसं काम होतं. एक, गटातल्या प्रत्येकाकडे इतरांना लागणारं असं काहीतरी हवं. दोन, शेवटी प्रत्येकाला स्वतःचं उत्तर द्यावं लागलं पाहिजे.

सुरुवात जोडीकामापासून करावी. ‘आधी विचार, मग जोडीदाराशी बोल, मग वर्गाला सांग’ ही रीत अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. करायला सोपी, म्हणूनच बिघडते. बहुतेक वेळा विचाराचा टप्पाच गळतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी दाखवून दिलं होतं. म्हणून अर्धं मिनिट पूर्ण शांतता ठेवून प्रत्येकाला छोट्या पाटीवर दोन शब्द लिहायला लावायचे. मग ‘अ’ आणि ‘ब’ ठरवून आधी ‘ब’ने बोलायचं, नाहीतर हुशार मूलच बोलत सुटतं. तिसऱ्या टप्प्यात हात वर करायला सांगायचं नाही. नावं लिहिलेल्या आइस्क्रीमच्या काड्यांतून एक उचलायची आणि विचारायचं, ‘तुझा जोडीदार काय म्हणाला?’ या एका प्रश्नामुळे मुलं खरोखर ऐकू लागतात.

आता जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवायच्या कोड्यासारखी पद्धत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी ही पद्धत १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात बसवली. तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. ‘माझा हात वर, तुझं उत्तर चूक’ या स्पर्धेने वैर वाढत होतं. म्हणून त्यांनी धडाच तुकड्यांत वाटला, म्हणजे समोरच्याचं ऐकल्याशिवाय कुणाचं भागणार नाही.

इथल्या सातवीतला नेहमीचा विषय घेऊ: १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा कसा झाला. ३० मुलांचे पाचपाचचे सहा गट. पाच चिठ्ठ्या: एडवर्ड राजाच्या मृत्यूनंतर गादीवर कुणाकुणाचा दावा होता, दक्षिण किनाऱ्यावर थांबलेलं नव्या राजाचं, हॅरॉल्डचं, सैन्य रसद संपल्याने सप्टेंबरमध्ये का पांगलं, हॅरॉल्डने नॉर्वेच्या राजाला हरवलं ती २५ सप्टेंबरची स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई, २८ सप्टेंबरला विल्यमचं पेव्हन्सीला उतरणं, आणि १४ ऑक्टोबरची हेस्टिंग्जची लढाई. प्रत्येक चिठ्ठीत सात-आठ ओळी, खाली अवघड शब्दांचे अर्थ आणि दोन तपासणीचे प्रश्न.

एकच चिठ्ठी मिळालेली सहा मुलं एकत्र आली, की त्यांना ‘तज्ज्ञ गट’ म्हणतात. पण सहा जणांत दोघं तरी लपतात, म्हणून तिघातिघांचे दोन गट करावेत. बारा मिनिटं ते वाचतात आणि समजावायचं कसं ते ठरवतात. मग मूळ गटात परत. प्रत्येकाला तीन मिनिटं. पुढची दहा मिनिटं एकत्र प्रश्न: हॅरॉल्ड हरण्याचं सगळ्यात मोठं कारण कोणतं? शेवटी वह्या बंद आणि आठ मिनिटांची एकट्याने सोडवायची चाचणी. साठ मिनिटांच्या तासातली उरलेली पंधरा मिनिटं प्रस्तावनेत आणि उठबस करण्यात जातात. ती पाठाच्या टाचणात न धरल्यामुळे चाचणी राहून जाते, आणि चाचणी राहिली की पद्धतीचा कणाच मोडतो.

चुका ठरलेल्या जागी होतात. मुलं समजावण्याऐवजी चिठ्ठी वाचून दाखवतात, म्हणून मूळ गटात परतताना चिठ्ठ्या गोळा कराव्यात. सोबत फक्त पाटीवरचे तीन शब्द किंवा एक चित्र. दोन मुलं गैरहजर असली, तर ज्या गटात जागा रिकामी आहे तिथे एकाला दोन छोटे तुकडे द्यावेत. आणि एखाद्या तज्ज्ञाने ‘स्टॅमफर्ड ब्रिजला विल्यम हरला’ असं चुकीचं सांगितलं, तर त्या गटातल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच बसतं. म्हणून शिक्षकाने त्या बारा मिनिटांत तज्ज्ञ गटांमध्येच फिरावं आणि तपासणीच्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या कानांनी ऐकावीत. घरी पोलिश किंवा गुजराती बोलणाऱ्या, इंग्रजीत कच्च्या मुलाला त्याच भाषेच्या मुलाबरोबर तज्ज्ञ गटात बसवावं. आधी आपल्या भाषेत समजून घेतलं की त्याला इंग्रजीत सांगायचा धीर येतो. हे मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

गणितात मात्र जिगसॉ टाळावी. समीकरणाची तिसरी पायरी दुसरी कळल्याशिवाय कळत नाही, मग तुकडे वाटणार कसे? तिथे गटात एक ते चार क्रमांक देऊन गणित एकत्र सोडवायला लावायचं आणि फासा टाकून आलेल्या क्रमांकाच्या मुलाला विचारायचं. फासा पडेपर्यंत कुणाला विचारतील ते माहीत नसतं, त्यामुळे गट सगळ्यांना तयार करतो.

आपल्याकडे साठ मुलं, जड बाकं आणि पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका. तिथे मुलांना फिरवायचंच नाही. एका आड एक बाकाला चिठ्ठी ‘अ’, उरलेल्यांना ‘ब’. ‘अ’मध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्राची शाखा, ‘ब’मध्ये बंगालच्या उपसागराची. आठ मिनिटं बाकावरची मुलं आपापसात तयारी करतात. मग पुढचा बाक नुसता मागे वळतो आणि दोन्ही बाजू एकमेकांना पाच-पाच मिनिटं शिकवतात. त्यानंतर दोन्ही चिठ्ठ्यांशिवाय न सुटणारा प्रश्न: सह्याद्रीच्या पलीकडे माणदेश कोरडा राहतो, मग पूर्व विदर्भात पाऊस पुन्हा का वाढतो? शेवटच्या पाच मिनिटांच्या चाचणीत ‘अ’च्या मुलांना ‘ब’वरचे प्रश्न द्यायचे आणि ‘ब’च्यांना ‘अ’वरचे. उत्तरं चुकली तर शेजारच्या बाकाने काय सांगितलं ते आधी विचारायचं, कारण बहुधा चूक तिथूनच आलेली असते.