स्क्विड बसवला, तरी डाउनलोड तेवढंच?

२० मशीनची लॅब, सगळीकडे उबुंटू, अपडेट समजा ४०० एमबीचं. प्रत्येकाने आपापलं उतरवलं की लाइनवर ८ जीबी. मध्ये स्क्विड (इंटरनेटवरून आलेल्या फाइलींची प्रत ठेवून ती इतरांना देणारा प्रॉक्सी सर्व्हर) ठेवला तर पहिल्या मशीनसाठी फाइल बाहेरून येते, येतानाच तिची प्रत ठेवली जाते आणि उरलेल्या १९ जणांना तीच मिळते. पण पॅकेज बसवून, लॅबला वापराची परवानगी देऊन सगळ्यांना त्याचा ३१२८ पोर्ट दिला, तरी अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ओळीमागून ओळ 'टीसीपी_मिस', म्हणजे प्रत सापडली नाही, फाइल बाहेरूनच आणली.

कारण कॉन्फिगमध्येच असतं. उबुंटूच्या पॅकेजात 'कॅश_डिर' ही साठ्याचं फोल्डर ठरवणारी ओळ कॉमेंट केलेली, म्हणजे पुढे # लावून बंद ठेवलेली येते, म्हणजे डिस्कवर काहीच साठत नाही. उरते २५६ एमबीची मेमरी, आणि तिच्यातही ५१२ केबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही. ओळ उघडली तरी तिच्यातला आकडा १०० एमबी आणि एका फाइलची मर्यादा ४ एमबी. कर्नलचं पॅकेज यात कुठून मावणार? आकडा २०००० (एमबी) करा, एका फाइलची मर्यादा ठरवणारं 'मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ' ५१२ एमबी करा, आणि ही दुसरी ओळ 'कॅश_डिर'च्या वर लिहा; खाली लिहिली तर जुनीच मर्यादा लागू राहू शकते. मग स्क्विड थांबवून 'स्क्विड -झेड'ने फोल्डर तयार करा. डिस्कच्या दर जीबीमागे साठवलेल्या फाइलींच्या सूचीसाठी साधारण १४ एमबी रॅम जाते, म्हणजे २० जीबीला २८० एमबी, आणि ती त्या २५६ एमबीशिवाय वेगळी.

आता ताजेपणा. डेब फाइलच्या (उबुंटूच्या पॅकेजच्या) नावातच आवृत्ती असते, ती फाइल बदलत नाही; तिला 'रिफ्रेश_पॅटर्न'मध्ये, म्हणजे प्रत किती वेळ ताजी मानायची हे ठरवणाऱ्या ओळीत, १२९६०० मिनिटं, म्हणजे ९० दिवस द्या. भांडारात काय आहे ते सांगणाऱ्या रिलीज आणि पॅकेजेस या सूच्यांना मात्र शून्य. नाहीतर एक सूची जुनी, एक नवी येते आणि पॅकेजेस उतरवणारं उबुंटूचं साधन अ‍ॅप्ट 'हॅश सम मिसमॅच' (फाइल सूचीशी जुळत नाही) म्हणून अडतं. दोन्ही ओळी टिंबाच्या (.), म्हणजे कशालाही जुळणाऱ्या सर्वसाधारण ओळीच्या वर हव्यात, कारण जी आधी जुळेल तीच चालते.

सगळी मशीन एकदम सुरू केली तर पहिली प्रत पूर्ण व्हायच्या आत बाकीचेही बाहेर धावतात. त्यासाठी एकाच फाइलच्या एकाच वेळच्या मागण्या एकत्र करणारं 'कोलॅप्स्ड_फॉरवर्डिंग' ऑन करा. मुळात ते बंद असतं.

ब्राउझिंग वेगवान होईल ही आशा मात्र सोडा. एचटीटीपीएस कूटबद्ध असल्याने स्क्विडमधून बंद बोगद्यासारखं जातं, लॉगमध्ये 'टीसीपी_टनेल' दिसतं आणि आतलं काही साठवता येत नाही. उबुंटूची भांडारं (पॅकेजेस ठेवणारे सर्व्हर) अजून साध्या एचटीटीपीवर आहेत (पडताळणी डिजिटल सहीवर होते), म्हणून तर हा खटाटोप. फक्त पॅकेजेसच साठवायची असतील तर ३१४२ पोर्टवरचा अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी घ्या. त्यात हे नियम आयतेच आहेत.