घोड्यावर कोणी नव्हतं, तरी सगळे पाया पडत होते

बाबा गेले त्या वर्षी भेटायला येणारा जो तो एकच सांगायचा, आत्मा अमर असतो गं, शरीर काय जुना कपडा, बदलायचाच कधीतरी. दहाव्याला गुरुजींनी गीतेतला तो वासांसि जीर्णानि श्लोक पण म्हटला. खोटं कोणीच बोलत नव्हतं पण माझं काही समाधान व्हायचं नाही, कारण मला आठवायचे ते बाबांचे हात आणि खोकल्याचा आवाज. पुढच्या आषाढीला गावच्या दिंडीत नाव दिलं, भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवण-मुक्कामाची वर्गणी भरली आणि आळंदीहून माऊलींच्या पालखीसोबत निघाले.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, ३० किलोमीटरच्या वर, त्यात दिवेघाट. टाळ सुरू झाले की पाय आपोआप चालतात म्हणतात, चालतात खरंच, पण दुखायचे काही थांबत नाहीत. सासवडच्या मुक्कामाला राहुटीत येऊन पडले तर परभणीकडच्या एका आजींनी न विचारता माझे पाय मांडीवर घेतले, सुईत दोरा ओवून फोडातलं पाणी काढलं, तळव्यांना तेल चोळलं. मी पाय मागे घेत होते, एवढ्या मोठ्या बाईने माझे पाय धरायचे म्हणजे कसंतरीच वाटतं ना. "गप पडून राहा माऊली, पाय धड तर वारी," एवढंच म्हणाल्या आणि दुसरा पाय ओढला.

त्याच रात्री कीर्तनात महाराजांनी तुकोबांचा अभंग घेतला होता, शरीर दुःखाचें कोठार, शरीर रोगाचें भांडार. मला वाटलं झालं, परत तेच. पण पुढचंच कडवं आहे शरीर उत्तम चांगलें, आणि त्यातच म्हणतात शरीरें साधलें परब्रह्म! एकाच अभंगात दोन्ही, आणि शेवटी तर शरीर वाईटही नाही आणि चांगलंही नाही, त्याचे लाड करू नका आणि त्याला टाकूही नका, भजनाला लागा. बाबा गेल्यावर हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, सगळ्यांनी पहिलं कडवंच सांगितलं.

मग चालताना सगळीकडे तेच दिसायला लागलं. माऊलींनी १२९६ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी आळंदीला समाधी घेतली, म्हणजे देह ठेवून सातशे वर्षं उलटली, आणि आपण काय घेऊन चालतो तर पादुका. पायांची खूण. नीरेच्या दत्त घाटावर त्या पादुकांना स्नान घालतात तेव्हा काठावरची माणसं अक्षरशः रडतात, मी पण रडले. आणि पुरंदवड्याचं गोल रिंगण! दोन घोडे धावतात, एकावर स्वार असतो आणि माऊलींच्या अश्वाच्या पाठीवर कोणीच नसतं. खोगीर रिकामं, पण त्यावर स्वतः माऊली बसलेत ही हजारो लोकांची श्रद्धा. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला ही झुंबड. आत्मा दिसत नाही वगैरे पुस्तकात वाचलं होतं, तिथे मात्र मला त्या रिकाम्या खोगिराकडे बघून एकदाही रिकामं वाटलं नाही. आणि बघा, लोक कपाळाला काय लावतात तर माती, ज्यात हा देह शेवटी जायचाय तीच.

पंढरपूरला दर्शनाची रांग फार मोठी होती, आमच्या दिंडीतल्या बऱ्याच जणांनी कळसाचं दर्शन घेतलं आणि नामदेव पायरीला हात लावला. पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळून चोखोबा गेले, नामदेव महाराज अस्थी गोळा करायला गेले तर ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं तेवढी चोखोबांची म्हणून उचलली, अशी कथा आहे. मला ही कथा नुसती गोड वाटत नाही, रागही येतो. सगळ्यांचा आत्मा एकच म्हणणाऱ्यांनी जिवंतपणी त्यांचा देह देवळाच्या आत येऊ दिला नाही, त्यांच्या देहाचाच विटाळ मानला, आणि विठ्ठलाचं नाव मात्र त्याच देहाच्या हाडाहाडांत मुरलं होतं. मी तिथे बराच वेळ डोकं टेकून होते. बाबांचा आत्मा अमर आहे यावर माझी श्रद्धा आहेच, पण ज्या हातांनी त्यांनी मला वाढवलं ते हात जुना कपडा होते असं मी म्हणणार नाही.

परभणीच्या आजींशी अजून फोन होतो. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी चालायला सक्त मनाई केलीय. तर त्या दिंडीच्या ट्रकमध्ये बसून येणार आहेत, मुक्कामाला भाजी चिरायला आणि, त्यांच्याच शब्दांत, "पोरींच्या पायाकडं बघायला".