घरात लावण्याजोगं युद्ध

आमच्या लातूरकडच्या घरांत भिंतीवर युद्ध लावायला कुणाची हरकत नसते, फक्त ते पारखून घ्यावं लागतं. महाभारतातल्या लढाईचं चित्र नको. ते घरात आलं की भावाभावांत लागतं, असं जुनी माणसं सांगतात. पण त्याच घरात, टीव्हीच्या बरोब्बर वर, गीतोपदेशाची भली मोठी फ्रेम असते. पांढरे घोडे, मागे वळलेला श्रीकृष्ण, हात जोडून बसलेला अर्जुन. ही जागा कुरुक्षेत्र आहे आणि दोन्ही बाजूंना सैन्य उभं आहे, हे कुणी मनावर घेत नाही. पहिला बाण अजून सुटलेला नाही ना, मग चालतंय. सुरू व्हायच्या आधीचं युद्ध चालतं, तसं आटोपल्यानंतरचंही चालतं. रामपंचायतनातली निम्मी मंडळी लंकेहून आलेली, पण एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. अडचण असते ती मधल्या भागाची.

या नियमाला आमच्याकडे एक मोठा अपवाद आहे आणि तो प्रत्येक देवघरात आहे. महिषासुरमर्दिनी म्हणजे निव्वळ मधला भाग. त्रिशूळ रुतलेला, रेड्याची मान मुरगळलेली, आठही हात कामात. तुळजापूरची आई हीच. अर्ध्या महाराष्ट्राची कुलदेवता ऐन लढाईच्या क्षणी पकडलेली आहे, आणि तिच्यासमोर आपण लेकराचं जावळ, लग्नाची पत्रिका, दहावीचा निकाल असं सगळं ठेवतो.

तुळजापुरात महाद्वाराकडे जाताना कवड्यांच्या माळा, परड्या आणि कुंकवाच्या ढिगांना खेटून फोटोंची दुकानं आहेत. हाताने रंगवलेलं असो की छापलेलं, आमच्याकडे देवाचा तो फोटोच. अशा एका दुकानात मी उगाच रेंगाळत होतो, तेव्हा एक मावशी नव्या घरासाठी देवी घ्यायला आल्या. दुकानदाराने काढून दिलेली पहिली फ्रेम त्यांनी हातभर लांब धरली आणि परत केली.

"डोळे वटारलेली नका देऊ दादा. घरात बारकी लेकरं हायत, भेतेत."

दुकानदार वरच्या फळीवरची दुसरी काढत म्हणाला, "ही घ्या, ही शांत हाय."

मी डोकावून पाहिलं. तोच त्रिशूळ, तोच रेडा, मानेवरून ओघळणारी तीच लाल रेघ. दुसरीत तर ती रेघ जरा लांबच होती. फरक एवढाच, की ओठांच्या कडा किंचित वर होत्या आणि पापण्या निम्म्या मिटलेल्या. मावशींनी ती उजेडाकडे धरली, पदराच्या टोकाने काच पुसली, आणि पुसतानाही बोट चेहऱ्यापाशीच फिरत राहिलं. खाली रेडा मरत होता तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. भाव करून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्या गेल्या.

तेव्हापासून मी देवांचे चेहरे बघत सुटलोय. आपल्या युद्धचित्रांत हात एक काम करत असतात आणि चेहरा त्या गावचाच नसतो. हातात परशू, खड्ग, चक्र. चेहरा हळदीकुंकवाला निघाल्यासारखा. त्याच दुकानांत भवानी शिवरायांना तलवार देतानाचं चित्रही हमखास असतं. महाराज नम्र होऊन हात पुढे केलेले, देवीभोवती उजेडाचं वलय. भवानी तलवार कोणती आणि ती कुठं आहे, यावर अभ्यासकांनी कितीही वाद घालावा. चित्रकाराने तो केव्हाच मिटवलाय. पण नीट बघा, पुढे ज्या माणसाच्या वाट्याला एवढ्या मोहिमा येणार आहेत, त्याच्या अंगरख्याला इथे सुरकुतीही नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या वाटेवरच्या दुकानांत घोड्यावरचे गुरू गोविंदसिंहजी दिसतात, मनगटावर बाज, पागोट्यावर कलगी. हयातीत सततची युद्धं, चारही मुलगे गेलेले, आणि 1708 साली अखेर इथेच, गोदावरीकाठी. चित्रातला चेहरा मात्र तसाच निवांत. श्रद्धेला तो तसाच हवा असतो, हे मला पटतं. ज्याच्या भरवशावर झोपायचं तोच घाबराघुबरा दिसला तर कसं व्हायचं?

मग लढाईचे कष्ट चित्रात कुणाच्या अंगावर दिसतात? शत्रूच्या. पिळलेले दंड, विचकलेले दात, बाहेर आलेली जीभ, सगळी मेहनत राक्षसाकडे. आणि माझा पक्का संशय आहे, की चित्रकाराची खरी मजाही तिथेच चालते. देव काढताना चार पिढ्यांचे नियम पाळायचे. राक्षस काढताना विचारणारं कोण?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हे चांगलं कळतं. लोक पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर गर्दी करतात, ते ठीकच आहे. तिथून अंतराळात, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या दालनात, शिरलं की डाव्या भिंतीवर माराची, म्हणजे बुद्धाला ध्यानातून उठवायला आलेल्या मोहाच्या राक्षसाची, स्वारी आहे. मधोमध बुद्ध, एक हात जमिनीला टेकवलेला, बस्स. आणि त्याच्याभोवती माराची फौज, वाकडी तोंडं, जनावरांची तोंडं, उगारलेली शस्त्रं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने बुद्ध भक्तिभावाने काढला असेल, पण ही फौज मात्र त्याने हसत हसत काढली असणार. भुसा आणि गवत कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, त्यावर रंग. लाल हवा तर गेरू मुबलक. पण या स्वारीत कुणी जखमी नाही. एवढ्या हल्ल्यात रक्ताचा थेंब सांडत नाही, कारण समोरचा माणूस उठायलाच तयार नाही. युद्धाचं चित्र असूनही आमच्या मावशींनी खुशाल घरी नेलं असतं असं अजिंठ्यातलं हे एकच.

सतराव्या लेण्यातलं सिंहलाचं युद्ध त्यांनी नेलं नसतं. राक्षसींच्या बेटावर अडकलेला आणि कसाबसा सुटलेला व्यापारी पुढे राजा होतो आणि सैन्य घेऊन त्याच बेटावर उतरतो. नावांत चक्क हत्ती उभे आहेत, भाले आहेत, निशाणं आहेत. हा सिंहल म्हणजे बुद्धाचाच पूर्वजन्म, म्हणजे बाजू कुठली खरी याबद्दल शंका नको. पण चित्रकाराने राक्षसी काढल्या आहेत त्या सरळ देखण्या बायका. हत्तींच्या लोंढ्यापुढे त्या दिसल्या की आपली बाजू डळमळते. त्या गर्दीत कोण कुणाला मारतंय हे शोधायला मला फार वेळ लागतो, आणि पहारेकरी तेवढा वेळ देत नाही.

छापील चित्रांत ही हिंमत फारशी आली नाही. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि दगडी ठशांवरून एकेक रंग चढवत देव घरोघर पोचले. कॅलेंडरातल्या आजच्या देव्या बऱ्याचशा त्याच घराण्यातल्या. पण त्याच रविवर्म्याचं जटायुवधाचं चित्र आहे. पंख तुटलाय, रावणाची तलवार उगारलेली, आणि सीतेने हाताने तोंड झाकून घेतलंय. हे चित्र मला बाकीच्यांहून मोठं वाटतं ते रावणामुळे नाही. ज्याला हे बघवत नाही असं कुणीतरी त्यात आहे.

थकवा मात्र कुठेच नाही. वेरूळला चौदाव्या लेण्यात, ज्याला रावण की खाई म्हणतात, एकाच भिंतीवर महिषासुरमर्दिनी आहे आणि तिच्याजवळच शिवपार्वती सोंगट्या खेळत बसलेत. लढाई आणि खेळ शेजारी शेजारी. मध्ये घाम पुसण्यापुरतीही जागा नाही.

आता गंमत अशी, की जे चित्रकारांनी सोडलं ते तुळजापूरच्या पुजाऱ्यांनी आणि भक्तांनी सोडलेलं नाही. ही देवी वर्षातून तीनदा झोपते. नवरात्राआधी भाद्रपदात घोर निद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा, आणि दसऱ्यानंतर श्रमनिद्रा. नऊ दिवस लढली, दमली, म्हणून. मूर्ती चल आहे, उचलता येते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी नगरकडून पालखी आणि पलंग येतो, आणि सीमोल्लंघन झालं की देवी त्या पलंगावर पडते ती पौर्णिमेपर्यंत उठत नाही. तोवर सिंहासन मोकळं. मराठवाड्यातून, सोलापुराकडून, कर्नाटकातून पायी आलेली माणसं, ज्यांचे स्वतःचे तळवे सोललेले असतात, ती ऐकून मान डोलावतात, "दमली आई." त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण या श्रमनिद्रेची फ्रेम मी कधी विकायला पाहिली नाही. एका फोटोवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "झोपलेली देवी कोण नेईल साहेब?" त्याच्याच मागे शेषशायी विष्णू टांगलेला होता, चांगला अडीच फुटी. मी तिकडे बोट केलं. तो म्हणाला, "त्याचं वेगळं हाय, तिथं पाय चेपायला लक्ष्मी हाय की." यावर मला उत्तर सुचलं नाही. नवरात्रात एक दिवस तुळजाभवानीचीही शेषशाही अलंकार पूजा मांडतात, आणि तिचे फोटो त्याच्याकडे होते. म्हणजे देवीला फोटोत शेषावर जागा मिळते ती विष्णूचं रूप घेतल्यावर.

कुणा चित्रकाराने मनावर घेतलं तर पहिला प्रश्न आयुधांचा येईल. आठ हातांतली आयुधं पलंगावर ठेवायची की खाली? त्रिशूळ उशाशी उभा करावा असं माझं मत आहे. ढाल पायथ्याशी. चक्र कुठं ठेवायचं ते त्याचं त्याने बघावं.