काय खाल्लंस?

मंगळवार, रात्री

संध्याकाळी पाचला बोट टोचून साखर बघितली तर २८१. दुपारी एक ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, मुगाचं वरण, काकडी. भात नाही. चहासुद्धा व्हायचा होता. आकडा मोठ्याने वाचला, कारण ह्यांना तो वहीत लिहायचा असतो.

ह्यांनी लिहिला. चष्मा कपाळावर सरकवला आणि आत गेले. मला वाटलं चहाचं आधण ठेवताहेत. तेवढ्यात वरच्या फळीवरच्या डब्याचं झाकण वाजलं. ते झाकण फार घट्ट बसतं, नख घालून उचकावं लागतं, आणि सुटताना टप्पकन वाजतं. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच डब्याचा तसा आवाज होत नाही. वन्संनी ह्यांच्या कमरेसाठी धाडलेले डिंकाचे लाडू त्यात आहेत. झाकण उघडलं. मग बराच वेळ काहीच नाही, वाटीचा आवाज नाही की ताटलीचा नाही. मग झाकण परत दाबून बसवल्याचा आवाज.

मोजले असणार. उघड्या डब्यापुढे एवढा वेळ उभं राहून, काही न खाता, माणूस दुसरं काय करतो?

बाहेर येऊन म्हणाले, "आलं घालू ना चहात?"

"घाला," म्हटलं.

झालं ते एवढंच. "मोजलेत ना?" असं तिथल्या तिथे विचारलं असतं, तर "छे, काहीतरीच काय तुझं" म्हणाले असते आणि विषय मिटला असता. नाही विचारलं. चहा झाला, मालिका झाली, रात्रीच्या गोळ्या झाल्या, हे घोरायलाही लागले, आणि मी इथे जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसलेय.

लाडवाचा राग नाही. मला डिंकाचा लाडू मुळात आवडतच नाही, दाढेत अडकतो. हे ह्यांना लग्नाच्या पहिल्या थंडीपासून माहीत आहे. चोरून खायचंच असतं तर मी कोपऱ्यावर जाऊन शेवपुरी खाल्ली असती, घरातल्या डब्याला हात कशाला लावीन? पण साखर चढली की आधी माणसाची झडती.

माझ्या अंगात काय कमी दुखणी नांदताहेत? थायरॉईड आहे. आजवर एकाने विचारलं नाही, की वहिनी, असं काय केलंत म्हणून तुमचं थायरॉईड बिघडलं. बीपी आहे, तर "टेन्शन घेऊ नका" म्हणतात, म्हणजे दोष टेन्शनचा, माझा नाही. किडनीच्या रिपोर्टात ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, ४२ आला तेव्हा तर सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते. आणि खांद्यांचं हे नवं दुखणं आल्यावर काय कौतुक! पॉलीमायाल्जिया रुमॅटिका. बेबीताईंना ते नाव म्हणता येत नाही, म्हणून त्या जास्तच हळहळतात. फक्त साखर हा एकच आजार असा, की त्याचा आकडा कळला की समोरच्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो: काय खाल्लंस?

रक्त न्यायला येणारा मुलगासुद्धा विचारतो. नातवाच्या वयाचा. "आजी, काल लग्नबिग्न होतं का?"

आणि खरं कारण रोज सकाळी आठला मी ह्यांच्यादेखत गिळते. पावसाळ्यात वेणी घालायला हात वर जाईना, पलंगावरून उठताना कूस बदलायला पाच-पाच मिनिटं लागायची, रक्तातला ईएसआर, म्हणजे अंगातल्या सुजेचा आकडा, ८४. वेदनाशामक गोळी किडनीमुळे बंद. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू झालं, १५ मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी मी दोरीवर चादर वाळत घातली. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. शेजारच्या गच्चीवरून कुणी बघितलं असेल तर म्हणालं असेल, ही बाई चादरीला धरून का रडतेय.

त्या चादरीची किंमत ही २८१. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून समजावलं होतं, हेही शेजारच्या खुर्चीतच बसले होते. सकाळची स्टेरॉईडची गोळी दुपारी जोर धरते. लिव्हर आपली साखर रक्तात सोडायला लागतं, आणि शरीरातलं इन्सुलिन कुणी जुमानत नाही. दुपारपासून संध्याकाळपर्यंत साखर चढत जाते आणि रात्रीतून आपोआप उतरते. म्हणून उपाशीपोटी तपासलं की ११६. माझी सकाळची साखर म्हणजे पाहुणे आल्यावर डोक्यावर पदर घेणारी सून, आणि मी इतकी वर्षं तिलाच बघून खूश होते. डॉक्टर म्हणाले, आता सकाळी कमी बघा, दुपारी जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी बघा. खरी साखर तिथे सापडेल.

तर सापडली. आणि ह्यांनी डबा उघडला.

बंद तरी कशी करणार ती गोळी? एकदम सोडायची नाही, असं दोनदा बजावून सांगितलंय. बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, म्हणून पायरीपायरीने कमी करायची. वर्ष लागेल, कदाचित जास्तच. साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, वाढवावी म्हटलं तर किडनीमुळे तेच निम्म्यावर आणलंय. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी, स्टेरॉईड नाश्त्याबरोबर, स्टेरॉईडने हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम, पण ते थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी, नाहीतर ती अंगी लागत नाही. साखरेचे डॉक्टर म्हणतात रोज चाला, गुडघ्यांचे म्हणतात बेताने चाला. डाएटवाली म्हणते उसळी खा, किडनीचे म्हणतात उसळी मोजून खा. सगळ्यांचं सगळं ऐकून एक भाकरी आणि दुधी उरतो. तो मी खाते. दुधी! आणि तरी झडती माझीच.

लेकीला, मधूला, फोन करावासा वाटला. मग वाटलं, ती पण हेच विचारेल.

सगळ्यात वाईट काय, तर आकडा दिसल्याबरोबर मीही आधी आठवायला लागते. सकाळी पोह्यांत बटाटा होता का? देवळातून आणलेला फुटाणे-साखरेचा प्रसाद, त्यात साखर किती होती? म्हणजे ह्यांच्या आधी मीच मला उभं केलेलं असतं पिंजऱ्यात. हे नंतर येतात.

सासूबाईंच्या वेळी या घरात साखरेचा डबा कुठे असायचा ते आठवलं. पण ते आज नको.


पुढचा गुरुवार

मधे लिहायला झालं नाही. इन्सुलिन सुरू झालंय.

त्याची मला वाटली होती तेवढी भीती नाही वाटली. एकेकाळी हे औषधच नव्हतं, १९२१ साली टोरांटोत सापडलं, आणि १९२२च्या जानेवारीत पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं, हे मधूने फोनवर वाचून दाखवलं. बरं वाटलं ऐकून. तो पोरगा टोचून घेतो तर मी काय एवढी.

माझं इन्सुलिन दुधासारखं गढूळ आहे. बाटली जोरात हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत धरून वळवायची, वाती वळतो तशी, तळाचा पांढरा साका सगळीकडे सारखा होईपर्यंत. सकाळी स्टेरॉईडच्या गोळीबरोबरच घ्यायचं. दोघांचाही जोर दुपारी असतो, म्हणून ही जोडी लावलीय म्हणे. चौदा युनिट.

पहिल्या दिवशी औषधाच्या दुकानात मजाच झाली. बाटलीतलं इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचं, आणि तिथल्या मुलाने सिरिंज काढून ठेवल्या नारिंगी टोपीच्या. मी पिशवीत टाकणार, तेवढ्यात ह्यांनी एक उचलली, उजेडात धरली, त्यावरच्या रेघा मोजल्या. "ही १०० युनिटवाल्या इन्सुलिनची आहे. आम्हाला लाल टोपीची द्या." मुलगा म्हणाला, "एकच असतं हो काका." ह्यांनी बिलाच्या पाठीवर पेनने हिशेब मांडला, की हिने दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर आत जाणार फक्त चार युनिट. मागे पाच-सहा माणसं उभी. मालक स्वतः उठून आले आणि लाल टोपीच्या दिल्या.

बॅंकेच्या कॅशमध्ये आयुष्य गेलेला माणूस. दिसेल ते मोजतो. भाजीवालीने दिलेले सुटे पैसे, जिन्याच्या पायऱ्या, माझी युनिटं. लाडूही मोजणारच, तिथेच कसा थांबेल? असं मी स्वतःला समजावलं. निम्मं पटलं.

मधूने दंडावर लावायचा तो सेन्सर आणवला. दोन रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा, चौदा दिवस चिकटून राहतो, फोन जवळ नेला की साखरेचा आलेख दिसतो. आणि मधूच्या फोनवरही दिसतो, पुण्यात. हे मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेचारला फोन. "आई, काय खाल्लंस गं आत्ता?"

"बाबांना विचार. हिशेब त्यांच्याकडे असतो."

पण त्या आलेखाने माझी बाजू घेतली, हे खरं. रोज बाराच्या सुमाराला रेघ डोंगर चढायला लागते, जेवायच्या आधीच. एक दिवस जेवायला उशीर झाला, पावणेदोन वाजले, तरी रेघ तिच्या वेळेला निघालीच. मी फोन ह्यांच्या नाकासमोर धरला. "बघा. इथे मी कुणाचा लाडू खाल्ला?" हे चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग "हं" म्हणाले. अख्ख्या संसारात ह्यांचा "हं" म्हणजे माफीनामा समजून घ्यायचा असतो, हे मला कळतं. तरी एकदा तोंडाने म्हणाले असते तर... असो.

आणि परवाची रात्र. तीनच्या सुमाराला फोन कोकलायला लागला. साखर ६२. मधूचाही फोन लगेच. मला ना घाम ना काही. बीपीच्या गोळीमुळे माझी धडधड कळत नाही, घाम तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, म्हणून ह्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग मानेला. कोरडं. तरी धावले. आतून तोच आवाज, टप्प. आणि हे लाडवांचा अख्खा डबा छातीशी धरून पलंगापाशी. "घे, आधी हा खा, मग बोल."

मी बोट टोचलं. ११८.

मी डाव्या कुशीवर झोपले होते. उजवा खांदा अजून दुखतो, त्यामुळे दुसरी कूसच नाही मला, आणि सेन्सर लावणाऱ्या पोरीने डावाच दंड मागितला होता. दंड अंगाखाली दाबला गेला की सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो. म्हणजे खांद्याच्या दुखण्याने स्टेरॉईड आणलं, स्टेरॉईडने साखर चढवली, साखरेसाठी सेन्सर आला, आणि शेवटी खांद्यानेच सेन्सरला खोटं बोलायला लावलं. कुणावर चिडायचं? मला हसूच यायला लागलं. हे घाबरले, त्यांना वाटलं साखर डोक्यात गेली.

"अहो, आणि खरी उतरली असती तरी लाडू कामाचा नव्हता. त्यात तूप. तुपाने साखर हळू चढते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. तुमच्याच वहीत पहिल्या पानावर लिहिलंय."

हे डबा घेऊन तसेच उभे. "मग आता हा?"

"आता काय, ठेवा परत."

ठेवला नाही. पलंगाच्या कडेला बसून, रात्री तीन वाजता, एक लाडू सावकाश खाल्ला. चुरा पडू नये म्हणून तळहात खाली धरून. मी म्हटलं, "वहीत लिहा." तर म्हणे, "ही वही तुझी आहे."

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. ईएसआर खाली आलाय, प्रेडनिसोलोन १५ वरून साडेबारावर आणायचं. गोळी कमी झाली की साखर खाली येणार, म्हणून इन्सुलिनही चौदावरून बारा, नाहीतर खरीच उतरेल. पुढच्या पायरीलाही असंच. सेन्सर पुढच्या वेळी पोटरीवर चालेल का, असं ह्यांनी विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले दंडच बरा, पण उजवा. एचबीए१सी साडेआठ आलं, तर लगेच म्हणाले, ही तीन महिन्यांची सरासरी आहे, स्टेरॉईडचे दिवस त्यात धरलेत, ह्यावरून तुमची परीक्षा घेणार नाही मी. मला त्या माणसाच्या पायाच पडावंसं वाटलं. पण वाकता येत नाही.

परत येताना जिन्यात बेबीताई भेटल्या. त्यांनी दिलेली जांभळाच्या बियांची पावडर मी उघडलेलीही नाही, ती साबणाच्या वड्यांमागे आहे. "काय म्हणतेय साखर?" म्हणाल्या. म्हटलं, उतरेल आता.

आणि उतरेलच. गोळी उतरेल तशी तीही उतरेल, मी दुधी खाल्ला काय आणि नाही खाल्ला काय. मग सगळे म्हणतील, बघ, पथ्य पाळलं की येते आटोक्यात. वन्सं म्हणतील, मधू म्हणेल, तो रक्त न्यायला येणारा मुलगासुद्धा म्हणेल, "आजी, शाब्बास." मी काही खुलासा करत बसणार नाही. चढताना आळ फुकटचा घेतला, उतरताना शाबासकीही फुकटचीच घेईन. बेबीताईंना तर मुद्दाम गाठून सांगीन, तुमच्या पावडरीने गुण आला हो. बाई हरखून जातील. आणखी एक बाटली देतील, तिला साबणामागे जागा करावी लागेल.